तीन लेटला एक हाफ डे

बॉल मी कानाशी धरला आणि दाबला. मग नाकाशी नेला. मग पुन्हा कानाशी.

"क्या सूंघ रहे हो, राणे सर?" मागून लालवानी म्हणाला. "बॉल है. हापूस नहीं है."

उल्हासनगरच्या त्याच्या क्लबवर आमची मित्रा नुकतीच हरली होती. हरली म्हणजे धुतली गेली होती. समोर लालवानीचीच शिष्या होती, रिया. आमच्या कोर्टवर हीच मित्रा तिच्यापेक्षा दणकट पोरांना रडवते. आणि इथे तिला साधी सर्व्हिस परत करता येईना. मी टेनिसचा कोच आहे. डोक्यावरचे केस अर्धे गेलेत, आवाज शाबूत आहे आणि संशय हा माझा आवडता व्यायाम आहे. त्यामुळे पहिला संशय बॉलवर गेला. यजमानांनी डबा जुना दिला असेल, हवा गेलेले बॉल मुद्दाम आमच्या वाट्याला आले असतील. मी खिशातून आमच्या क्लबचा बॉल काढला, दोन्ही हातांत दोन धरले आणि एकदम सोडले.

दोन्ही सारखेच उडाले.

"और कुछ चेक करना है?" लालवानीने विचारलं. "नेट की हाइट नापो. मेरी बीपी नापो."

मी हसलो. पण मनातल्या मनात त्याचं नाव संशयितांच्या रांगेत पहिलंच ठेवलं.

बाहेर पगारे साहेब स्कूटरपाशी उभे होते. मित्राचे वडील. मित्राचं पूर्ण नाव संघमित्रा, वय तेरा, बदलापूरच्या बेलवलीत राहते. मिलिंद पगारे अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. आमचा क्लब त्याच एमआयडीसीच्या कडेला आहे. सिमेंटची दोन कोर्टं, एक ऑफिस, गेटबाहेर चहावाला. मुलं बहुतेक आसपासच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांची. पगारे साहेब कधी आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे बोलायला लागले की मला घाम फुटतो.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना."

"आपल्याकडे जिंकते. बाहेर हरते. एकदा नाही, दरवेळी. आमच्याकडे माल असा वागला तर आम्ही आधी कारण शोधतो."

"साहेब, माल आणि मुलगी यात..."

"फरक आहे, कळतं मला. पण कारण दोन्हीला असतं." त्यांनी हेल्मेट चढवलं. "पुढच्या महिन्यात डिस्ट्रिक्टचं सिलेक्शन आहे ना, चौदा वर्षांखालचं? तोपर्यंत ती बाहेर का हरते ते सांगा. नाही सापडलं तर नववीचे क्लास लावणार आहे. मग टेनिस बंद. अर्धवट काही करायचं नाही."

मित्रा मागच्या सीटवर बसली होती. पाठीला रॅकेटची बॅग. तिच्या हेल्मेटची काच आतून धुरकट होत चालली होती. आत काय चाललंय ते समजायला मला कोच असण्याची गरज नव्हती.

"जय भीम, सर. येतो," पगारे साहेब म्हणाले आणि स्कूटर निघून गेली.

आता थोडं टेनिस. प्रत्येक पॉइंट सर्व्हिसने सुरू होतो. समोरच्याने ती सर्व्हिस परत मारायची, त्याला रिटर्न म्हणतात. सर्व्हिस सगळ्यांना शिकायची असते, कारण ती दिसायला झोकदार. रिटर्न कोणालाच शिकायचा नसतो. तो म्हणजे अंगावर येणाऱ्या वस्तूला वेळेत रॅकेट लावणं. फोटो चांगला येत नाही. पण मॅच बहुतेक वेळा तिथेच ठरते. मित्राचं दुखणं तिथे होतं. जरा जोरात सर्व्हिस आली की ती अर्धं पाऊल टाकायची आणि थांबायची. थांबायची! बॉल जवळून निघून जायचा आणि ही त्याला निरोप द्यायला उभी असल्यासारखी.

दुसरं दुखणं याहून चमत्कारिक होतं. तिची स्वतःची सर्व्हिस वर्षभरात हळू झाली होती. मुलगी वाढते, खांदा भरतो, ताकद येते, तशी सर्व्हिस जोरात व्हायला हवी. हिची उलट मवाळ होत चालली होती. कोणीतरी शिकवल्याशिवाय असं होत नाही, असं मला ठाम वाटत होतं.

पण आधी तारा. रॅकेटच्या जाळीला आम्ही गट म्हणतो. ती किती ताणायची याचं गणित असतं. घट्ट ताणली तर बॉल काबूत राहतो, सैल ठेवली तर जास्त उडतो. आमच्या मुलांची गटिंग उल्हासनगरच्या एका दुकानात होते. दुकानाच्या मालकाला सगळे साईं म्हणतात. आणि लालवानीच्या मुलांची गटिंगही तिथेच होते! हे आठवलं तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठलो.

दुकानात पोहोचलो. मित्राची रॅकेट काउंटरवर ठेवली. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"साईं, इसकी गटिंग आप ही ने की थी ना?"

"मेरे हाथ की है."

"जितना बोला था, उतना ही खींचा था?"

साईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "राणे साहब, आप कस्टमर हो कि सीआयडी?"

"नाही, म्हणजे, तेच मशीन लालवानीच्या मुलांनाही..."

"हां, वही मशीन. वही हाथ. वही साईं." त्यांनी माझ्यासमोर गट कापून टाकला आणि नवा घालायला घेतला. मशीनचा काटा माझ्याकडे वळवून ठेवला. शेवटी रॅकेट हातात देताना म्हणाले, "अब भी हारी, तो मेरे पास मत आना. डॉक्टर के पास जाना. अपने लिए."

नव्या गटिंगनेही मित्रा बाहेर हरली. बदलापूरला एका सोसायटीच्या कोर्टवर साधी मैत्रीची मॅच होती. तिथेही तेच. अर्धं पाऊल, थांबणं, निरोप.

आता उरला एकच संशय: गुप्त कोच. लालवानीने, किंवा लालवानीच्या कोणीतरी, माझ्या मुलीला फितवलं होतं. प्रॅक्टिस संपल्यावर मी तिला गाठलं.

"मित्रा, खरं सांग. माझ्याशिवाय कोणाकडे जातेस?"

तिचा चेहरा पडला. "जाते, सर."

"कोणाकडे?" मी जवळजवळ नाचलोच.

"शिंदे मॅडमकडे."

"कोण शिंदे मॅडम? कुठल्या क्लबच्या?"

"गणिताच्या, सर. बेलवलीतच. पप्पांना माहितीये."

त्याच आठवड्यात कर्णिक साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. हे आमच्या क्लबचे सेक्रेटरी. सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या टाइम ऑफिसात गेली. कोण किती वाजता गेटमधून आत आला, याची हजेरी ठेवणारं ते खातं. निवृत्त झाले तरी माणूस आत आला की आधी घड्याळ बघतात, मग माणूस.

"राणे, बसा. पालकांत कुजबुज आहे."

"कशाची?"

"तुमची. म्हणतात, तुम्ही मुलांना मुद्दाम कच्चं ठेवता. पक्की झाली की मोठ्या क्लबला जातील, म्हणून."

मी छातीवर हात ठेवला. नाटकात ठेवतात तसा. "साहेब! मी? मी सगळ्यांवर संशय घेतोय आणि लोक माझ्यावर घेतात?"

"नियमाने दोन्ही शक्य आहे," कर्णिक साहेब म्हणाले. "एक काम करा. त्या उल्हासनगरच्या मुलीला इथे बोलवा. आपल्या कोर्टवर मॅच लावा. मी येतो, पालक येतील. सगळ्यांसमोर होऊ दे."

मला ते पटलं. माझ्या मनात वेगळाच डाव होता. मित्रा इथे जिंकली, तर लालवानीच्या कोर्टवर काहीतरी काळंबेरं आहे हे सिद्ध होणार होतं.

रविवारी सकाळी लालवानी रियाला घेऊन आला. पगारे साहेब आले. आमची झाडून सगळी पोरं जाळीला लटकली. मी अंपायरच्या उंच खुर्चीवर चढून बसलो. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. रोज संध्याकाळी मी पलीकडच्या कोर्टवर लहान मुलांना शिकवतो आणि मोठी मुलं या कोर्टवर आपापसात मॅच खेळतात. स्वतःच अंपायर, स्वतःच खेळाडू. बहुतेक क्लबांत असंच चालतं. त्यामुळे या खुर्चीवर बसून मित्राची मॅच मी जवळून बघत होतो ती पहिल्यांदाच.

रियाने सर्व्हिस केली. जोरात, कोपऱ्यात. मित्राने अर्धं पाऊल टाकलं. थांबली. डावा हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडली:

"लेट!"

सर्व्हिसचा बॉल नेटला घासून पलीकडे बरोबर चौकोनात पडला, तर पॉइंट मोजत नाहीत. सर्व्हिस पुन्हा करायची. त्याला लेट म्हणतात. तसंच समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली तरी लेट. ही ओरड मी संध्याकाळी पलीकडून रोज ऐकत होतो. मला वाटायचं, काय गुणी पोरं आहेत, नेटला केसाएवढा बॉल घासला तरी प्रामाणिकपणे सांगतात.

पण हा बॉल नेटच्या हातभर वरून गेला होता. मी स्वतः पाहिला.

रिया नेटपाशी आली. "कहाँ लगा नेट को?"

"नेट नाही," मित्रा म्हणाली. "लेट."

"हां, लेट मतलब नेट को लगा ना?"

"नेटला कुठे लागला? मी लेट झाले."

रियाने माझ्याकडे पाहिलं. मी लालवानीकडे पाहिलं. लालवानीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला आयुष्यभराची उत्तरं मिळाली होती.

"वाह, राणे सर! वाह! ये सिखाते हो बच्चों को? बॉल नहीं मिला तो बोलो लेट?"

"मी? मी कुठे..."

"मेरा बॉल सूंघता है, मेरे साईं को सताता है, और खुद के घर में ये चीटिंग!"

आणि तेवढ्यात जाळीवरून आमची पोरं मित्राच्या बाजूने ओरडायला लागली. "पहिलाच आहे! पहिला चालतो!" "अजून दोन बाकी आहेत तिचे!" यश नावाचा एक चष्मेवाला तर तावातावाने रियाला समजावायला लागला: "दीदी, तीन माफ असतात. चौथ्याला हाफ डे."

"क्या डे?" रिया म्हणाली.

पगारे साहेब खुर्चीवरून उठले होते. ते रागावलेले दिसत नव्हते. त्याहून वाईट. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न होता आणि तो प्रश्न सरळ माझ्याकडे येत होता. आपल्या मुलीला हा माणूस लबाडी शिकवतो का?

मी खुर्चीवरून उतरलो. सगळ्या पोरांना कोर्टच्या मधोमध बसवलं.

"कोणी रागावणार नाही. मला फक्त सांगा. लेट म्हणजे काय?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांना एवढं कसं माहीत नाही, असे चेहरे.

"लेट म्हणजे लेट, सर," यश म्हणाला. "उशीर."

"बॉल आला आणि आपण पोचलो नाही, तर आपण लेट," दुसऱ्याने खुलासा केला. "मग सर्व्हिस पुन्हा."

"असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, समोरचा रेडी नसेल तर लेट. उशीर झाला म्हणजे रेडी नव्हताच ना."

नियम मी सांगितला होता तो बरोबर होता. त्यांनी घेतलेला अर्थही चुकीचा म्हणता येत नव्हता. बॉल नेटला लागला तरी लेट, पोहोचायला उशीर झाला तरी लेट. ओरड एकच, हात तसाच वर. दोन अर्थ एकाच शब्दात इतके बेमालूम मिसळले होते की लांबून ऐकणाऱ्याला काही कळायची सोय नव्हती.

"आणि हाफ डे?"

"असं किती पण वेळा लेट म्हणायला लागले तर मॅच संपणारच नाही ना, सर. म्हणून एका सेटला तीन लेट माफ. चौथ्याला पॉइंट जातो. तो हाफ डे."

"हे कुठून काढलं?"

आता मित्रा बोलली. मान खाली घालूनच. "कंपनीत असतं तसं, सर. सगळ्यांच्या पप्पांकडे असतं. तीनच्या पुढे लेट मार्क गेले की हाफ डे कापतात."

जाळीपलीकडे उभ्या असलेल्या पालकांपैकी दोघे-तिघे खाली बघायला लागले. घरी जेवताना आपण काय काय बोलतो, ते त्यांना बहुधा आठवलं असावं.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो कर्णिक साहेबांना. "बरोबर आहे की नियम!" ते म्हणाले. "आमच्याकडे अगदी हाच होता. तीनपर्यंत ग्रेस, पुढे अर्धा दिवस. शाब्बास रे पोरांनो."

"साहेब," मी हात जोडले, "हे टेनिस आहे."

"असेल. पण शिस्त चांगली आहे."

लालवानी आधी हसला. मग खाली बसून हसला. शेवटी डोळे पुसत उठला आणि मित्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेटा, तू चीटर नहीं है. तू परमनंट एम्प्लॉई है."

पण पगारे साहेब हसले नाहीत. ते मित्रापाशी आले.

"मग उल्हासनगरला का नाही म्हणालीस लेट?"

"पप्पा, बाहेर कुठे ग्रेस मिळते? तो आपल्या इथला नियम आहे. आज इथे मॅच होती म्हणून म्हटलं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिथल्या तिथे दोन्ही हात पसरले. सगळ्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

अहो, रोज संध्याकाळी या मुलीच्या अंगात काय मुरत होतं? अवघड सर्व्हिस आली की थांबायचं. धावायचं नाही, हात वर करायचा. पायांना तीच सवय. बाहेर गेल्यावर तोंड गप्प बसत होतं, कारण तिथला नियम वेगळा हे डोक्याला माहीत होतं. पायांना कोण सांगणार? ते आपले आनंदनगरच्या नियमाने थांबत होते. आणि सर्व्हिस? जोरात सर्व्हिस करून काय उपयोग, समोरचा लेट म्हणून परत करायला लावणार. म्हणून सगळी पोरं हळूहळू मवाळ सर्व्हिस करायला लागली होती. कोणी फितवलं नव्हतं. कोणी तारा सैल केल्या नव्हत्या. माझ्या कोर्टवर रोज चालणारा एक साधासुधा नियम माझ्या शिकवण्याच्या बरोबर उलट शिकवत होता. आणि त्याचे तास माझ्यापेक्षा जास्त होते.

हे सगळं मी पगारे साहेबांना सांगितलं. हातवारे करून. त्यांनी ऐकून घेतलं.

"कारण सापडलं म्हणता?"

"सापडलं."

"मग आता दुरुस्त होईल?"

"सिलेक्शनला तीन आठवडे आहेत," मी म्हणालो. "पाय जिद्दी असतात, साहेब. मी शब्द देत नाही. प्रयत्न देतो."

"शब्द दिला असतात तर मला संशय आला असता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी लेटवर बंदी घातली. फक्त नेटचा लेट चालेल, उशिराचा नाही. पोरं किती हुशार असतात बघा. संध्याकाळी नवी ओरड सुरू झाली: "सॉरी, शूज!" बॉल हुकला की खाली वाकायचं आणि लेस बांधायची. त्यावरही बंदी घातली, तर एकाला रोज डोळ्यात कचरा जायला लागला. तेव्हा मी शहाणा झालो. बंदी सोडून दिली आणि मॅचच बदलली. नवा नियम असा: सर्व्हिसला रॅकेट नुसती लागली तरी रिटर्न करणाऱ्याला एक पॉइंट. बॉल कुठेही जाऊ दे, गेटबाहेर चहात पडू दे. लागला पाहिजे. आणि सर्व्हिसला समोरच्याची रॅकेटच लागली नाही, तर सर्व्हिस करणाऱ्याला दोन.

दोन दिवस कोर्टवर दंगल झाली. पोरं अंग टाकून बॉलवर जायला लागली, गुडघे फुटले. सर्व्हिसचा जोर एका आठवड्यात परत आला. दोन पॉइंटची हाव होती ना.

पण मित्राचे पाय ऐकेनात. डोकं सांगतंय धाव, पाय सांगतायत थांब. ती आमच्याच कोर्टवर सगळ्यांकडून हरायला लागली. ज्यांना ती रडवायची, ते आता तिला हरवून टाळ्या देत होते. एका संध्याकाळी तिने रॅकेट बाकावर ठेवली.

"सर, तुम्ही मला शिक्षा देताय ना? सगळ्यांसमोर तसं झालं म्हणून?"

"अगं, शिक्षा कशाला?"

"आधी मी जिंकत तरी होते. आता इथेपण हरते. पप्पा म्हणतील क्लास लाव."

मी तिच्या शेजारी बसलो. एरवी मी अशा वेळी मोठं भाषण करतो. त्या दिवशी केलं नाही. तिला एकच गोष्ट दिली: स्प्लिट स्टेप. समोरचा सर्व्हिसचा बॉल मारतो, त्याच क्षणाला आपण जागच्या जागी छोटी उडी घ्यायची. दोन्ही पाय जमिनीला टेकले की अंग स्प्रिंगसारखं सुटतं, डावीकडे किंवा उजवीकडे. उभ्या माणसाला निघायला वेळ लागतो. हवेतून टेकणारा माणूस निघालेलाच असतो.

"बॉलचा विचार करू नकोस. फक्त उडी बघ. समोरच्याच्या रॅकेटचा ठक् झाला की तुझे पाय हवेत."

"मग थांबता येणार नाही?"

"हवेत कोण थांबतं?"

तिने विचार केला. मग रॅकेट उचलली.

सिलेक्शन उल्हासनगरलाच होतं. एकेका सेटच्या मॅचेस, सेमीफायनलला पोहोचणाऱ्या चौघी टीममध्ये. मित्राने पहिली मॅच जिंकली, दुसरी जिंकली. तिसऱ्या मॅचला समोर रिया. या मॅचची विजेती टीममध्ये, हरणारी घरी. सगळ्या कोर्टांना मिळून एकच रेफरी फिरत होता, बाकी मुलींनीच आपापले निर्णय द्यायचे. मी जाळीबाहेर. मॅच चालू असताना कोचने बोलायला परवानगी नसते. मला गप्प बसवणं ही या खेळातली सगळ्यात कडक तरतूद आहे.

ठक् झाला की मित्रा हवेत. ठक् झाला की हवेत. रियाच्या सर्व्हिस परत येत होत्या. देखण्या नव्हत्या, वेड्यावाकड्या होत्या, पण येत होत्या. लालवानी माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. आधी त्याने हाताची घडी घातली होती. मग एक हात गालावर गेला. मग दोन्ही हात डोक्यावर.

मित्रा एका गेमने पुढे. रियाची सर्व्हिस. मॅचपॉइंट, म्हणजे हा पॉइंट मित्राने घेतला की मॅच तिची. मित्राने कपाळावरचा घाम पुसायला मनगट वर नेलं, आणि तेवढ्यात रियाने घाईत सर्व्हिस करून टाकली.

हा खराखुरा लेट होता. नियमातला. मित्रा तयार नव्हती. तिने हात वर केला असता तर सर्व्हिस पुन्हा करावी लागली असती. जाळीला लटकलेल्या आमच्या सगळ्या पोरांनी श्वास ओढला. मी माझ्या तोंडावर स्वतःचाच हात दाबला, कारण तो शब्द ओठांपर्यंत आला होता.

मनगट कपाळावरून निघालं, पण वर गेलं नाही. बाजूला गेलं. मित्रा जवळजवळ आडवी झाली आणि रॅकेटचं टोक बॉलला लागलं. बॉल नेटवरून कसाबसा पलीकडे गेला आणि पुढे येणाऱ्या रियाच्या नेमका पायांत पडला. रियाने वाकून मारला. फ्रेमला लागला आणि शेजारच्या कंपाउंडमध्ये गेला.

आमची पोरं जाळीवर चढली. मित्रा उठून आधी रियाशी हात मिळवायला गेली, मग माझ्याकडे आली. कोपर सोललेलं.

"अगं, तू रेडी नव्हतीस," मी म्हणालो. "लेट मागता आला असता. खरा."

"माहितीये, सर. पण कुठला खरा आणि कुठला आपला, ते आठवेपर्यंत बॉल निघून गेला असता."

पगारे साहेब तिच्या कोपरावर बाटलीतलं पाणी ओतत होते. मी विचारलं, "मग क्लास?"

"लावणार," ते म्हणाले. मित्राचा चेहरा उतरला. त्यांनी रुमाल काढला आणि कोपर टिपत पुढे म्हणाले, "सकाळची बॅच बघतोय. संध्याकाळ मोकळी राहील अशी."

लालवानीने मला गेटपाशी अडवलं. आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं.

"राणे सर, सच बोलो. तीन हफ्ते में ये रिटर्न? किसको लाये? पूना से कोई आता है ना? सुबह-सुबह?"

मी आधी आकाशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लालवानीजी, अशा गोष्टी गेटवर बोलायच्या नसतात," एवढंच म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

तेव्हापासून उल्हासनगरात बोललं जातं की आनंदनगरला पहाटे पुण्याहून एक कोच येतो. लालवानीचा एक माणूस दोनदा पहाटे आमच्या गेटबाहेर चहा पिताना दिसला. मी खुलासा केलेला नाही. संशय थोडा त्यांच्याकडेही राहू दे.

बाकी धंद्यातली शिकवण सांगायची तर अशी. खेळाडू बाहेर हरत असेल तर बॉल, तारा आणि शेजारचा कोच यांच्यामागे लागण्याआधी आपल्या कोर्टवर जाऊन बसावं. मुलं ओरडतात त्या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत आहे असं धरून चालू नये, त्यांना विचारावा. आणि साईंच्या दुकानात जाणार असाल तर माझं नाव सांगू नका. गटिंग सैल मिळेल.